कुंची, टोपडं आणि मे महिना

घरात बाळ आलं की त्याच्या कपड्यांबद्दल मत नसलेला माणूस शोधून सापडत नाही. पलीकडच्या गल्लीतल्या काकूसुद्धा येता-जाता त्याचं टोपडं खाली ओढून जातात! मग मीही माझं मत देऊन टाकतो. बाळाला कपडे कॅलेंडर बघून किंवा रीत बघून घालू नयेत, अंगाला हात लावून घालावेत.

आमचं करमाड संभाजीनगर-जालना रस्त्यावर. मे महिन्यात पारा ४० च्या वर, डिसेंबरात पहाटे १० अंशांच्या आसपास आणि दुपारी पुन्हा ऊन. पण बाळंतिणीच्या खोलीतला नियम बारा महिने तोच: खिडकी बंद, झबलं, वर स्वेटर, कुंची आणि दुपटं. भर उन्हाळ्यात "आजी, उकडतंय गं त्याला" म्हणून बघा. उत्तर तयार असतं, "गप रे बाबा, लेकराला वारं लागंल!"

आता आजी काही उगाच बोलत नाही. नवजात बाळाला आपल्यासारखी हुडहुडी भरत नाही. वजनाच्या मानाने त्वचा जास्त, त्यात डोकं मोठं, त्यामुळे ते भराभर गार पडतं. कमी वजनाच्या बाळाच्या तर हे जिवावर बेततं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्याच बायकांना नवजात बाळाची घरी काळजी घ्यायला शिकवलं. त्यात बाळाला उबदार ठेवणं हाही एक महत्त्वाचा भाग होता. १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये त्याचे निष्कर्ष आले. या सगळ्या काळजीमुळे मिळून तिथले नवजात मृत्यू तिसऱ्या वर्षी ६२ टक्क्यांनी कमी झाले होते. म्हणजे ऊब हा थट्टेचा विषय नाही.

पण तेच बाळ उष्णताही नीट बाहेर टाकू शकत नाही. घाम कमी येतो आणि दुपटं लाथाडायची ताकद नसते. मेमध्ये गुंडाळलेल्या बाळाचं अंग तापतं, मग 'ताप आला' म्हणून आणखी एक पांघरूण! आपण शहरातले शहाणे याच्या उलट करतो. एसी २० वर, बाळाच्या अंगात बिनबाह्यांचा फ्रॉक, कारण फोटो छान येतो :-)

तपासणी अगदी सोपी आहे. पोट आणि पाय, दोन्हींना हात लावा. दोन्ही कोमट, तर सगळं ठीक. पोट गरम आणि पाय गार, तर थंडी वाजतेय. एक थर वाढवा, छातीशी धरा. दोन्ही गार, तर उघड्या छातीशी धरून ताबडतोब डॉक्टरांकडे. मान घामेजलेली, अंग लालसर, तर थर कमी करा आणि पुन्हा पुन्हा अंगावर पाजा. सहा महिन्यांच्या आत वरचं पाणी नको. शंका आली तर थर्मामीटर आहेच, ३६.५ ते ३७.५ अंश सेल्सिअस म्हणजे ठीक. कपडे कमी करून, सावलीत ठेवूनही आकडा उतरला नाही किंवा बाळ पीत नसेल, तर डॉक्टर गाठा.

खरी अडचण वेगळीच आहे. दिवसभर बाळाला हात लावणारी असते त्याची आई, आणि खोलीत सगळ्यात कमी ऐकलं जातं तिचंच. "तुला काय कळतंय, पहिलटकरीण तू!" अहो, तिच्याच हाताला कळतंय.

असो. येत्या उन्हाळ्यात कुणाकडे बारशाला जाणार असाल, तर लोकरीचा सेट नेऊ नका. चार मऊ सुती झबली न्या आणि सोबत एक थर्मामीटर. तो मात्र थेट आईच्या हातात द्या.