बाकुची आणि उन्हाची मात्रा
श्वित्रावर बाकुची व आतपसेवन ही आपली परंपरागत चिकित्सा होय. बाकुचीतील सोरालेन ३२० ते ४०० नॅनोमीटर तरंगलांबीच्या अतिनील किरणांनी कार्यप्रवृत्त होते. परंतु त्याच किरणांचा अतियोग झाल्यास त्वचेवर दाह व फोड उद्भवतात. सातारा-सांगलीच्या दुष्काळी पूर्वभागात, माण वा जतच्या रानात दिवसभर राबणाऱ्या रुग्णास "लेप लावून उन्हात बसा" एवढेच सांगणे म्हणूनच धोक्याचे आहे. वैद्याने रुग्णाचा व्यवसाय विचारावा, उन्हाची वेळ व मिनिटे चिठ्ठीवर लिहावीत आणि लेप धुतल्यानंतरही तो भाग दिवसभर झाकण्यास बजावावे. येथे ऊन हेही औषधच आहे; त्याच्या मात्रेची जबाबदारी वैद्याचीच, असे आमचे स्पष्ट मत आहे.