सिलिकॉनच्या डागातला उजेड

मोबाइलपासून एटीएमपर्यंत सगळी यंत्रे ज्या सिलिकॉनच्या जिवावर चालतात, ते उजेड देण्याच्या बाबतीत मात्र अगदी कंजूष आहे. त्यातला इलेक्ट्रॉन वरच्या पातळीवरून खाली येताना प्रकाश बाहेर पडायचा, तर स्फटिकाच्या कंपनाची साथ लागते. ती मिळेपर्यंत बहुतेक ऊर्जा उष्णतेत विरून जाते आणि उरलासुरला प्रकाशही अवरक्त, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा असतो. म्हणूनच १९९० मध्ये इंग्लंडमधील माल्व्हर्नच्या संरक्षण प्रयोगशाळेतील ली कॅनहॅम यांनी सच्छिद्र सिलिकॉनचा लाल प्रकाश जगापुढे मांडला, तेव्हा खळबळ उडाली. आता चिपवरच दिवा लागणार, अशी स्वप्ने रंगली. तसा दिवा आपल्या चिपमध्ये आजही नाही. तेवढ्यावरून हे संशोधन वाया गेले म्हणणे सोपे आहे, पण ते चूक आहे.

या पदार्थाची जन्मकथाच पाहा. १९५६ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत आर्थर आणि इंगेबोर्ग उहलिर हे दाम्पत्य हायड्रोफ्लुओरिक आम्लात वीज सोडून सिलिकॉनला चकाकी आणू पाहत होते. प्रवाह कमी पडला की चकाकीऐवजी पृष्ठभागावर काळपट थर चढे. हव्या त्या कामाच्या दृष्टीने तो डागच होता. प्रत्यक्षात तिथे असंख्य सूक्ष्म छिद्रे कोरली जात होती. याच कोरणीने छिद्रांमधले सिलिकॉन काही नॅनोमीटरइतके बारीक केले, की त्यात कोंडलेल्या इलेक्ट्रॉनची ऊर्जा वाढते आणि अतिनील दिव्याखाली धरलेली सिलिकॉनची तबकडी निखाऱ्यासारखी तांबूस दिसू लागते. ज्याला डाग समजले गेले, त्यातला उजेड ओळखायला ३४ वर्षे गेली.

यावर रास्त आक्षेप असा, की सार्वजनिक पैशातून वाट्टेल ते का पोसायचे? हा थर ठिसूळ आहे, हवेत त्याचे ऑक्सिडीकरण होते आणि चमक बदलते किंवा मंदावते. दिव्यांची बाजी तर गॅलियम नायट्राइडने मारली. हे सगळे खरे. पण ज्या गुणाने घात केला, तोच पुढे कामी आला. एका घनसेंटिमीटर सच्छिद्र सिलिकॉनच्या पोटात शेकडो चौरस मीटर पृष्ठभाग दडलेला असतो, त्यामुळे आसपासच्या रेणूंचा परिणाम त्यावर चटकन होतो. दिव्यासाठी हा दोष, रसायने हुडकणाऱ्या संवेदकासाठी मात्र हेच भांडवल. शरीरद्रवात हा थर विरघळून सिलिसिक आम्ल होऊ शकतो, म्हणून औषध हळूहळू सोडणाऱ्या कणांसाठीही त्याचा अभ्यास सुरू झाला.

‘ही पश्चातबुद्धी झाली, असे तर प्रत्येक फसलेल्या प्रकल्पाला म्हणता येईल,’ असे कोणी म्हणेल. तसे नाही. कसोटी लावता येते: प्रयोग दुसऱ्याला जसाच्या तसा करता आला का, आणि त्यातून पुढच्याला वापरता येईल असे ज्ञान उरले का? या कसोटीवर अनेक प्रकल्प खरोखरच नापास होतील आणि त्यांचा निधी थांबलाच पाहिजे. शास्त्रज्ञांनीही अर्ज लिहिताना काय माहीत आहे आणि कशाची केवळ आशा आहे, हे वेगवेगळे मांडले पाहिजे. पण ‘वस्तू कधी मिळणार?’ हा एकच प्रश्न विचारणारी समिती असा काळपट थर पुसून टाकायला सांगेल आणि त्यासोबत उजेडही जाईल.