पथ्य पाळायचं कुणी?

मधुमेह म्हणजे शहरातल्या खाऊनपिऊन सुखी माणसांचा आजार, अशी समजूत आपल्या गटांमध्येही आहे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब पाहणीत देशाच्या ग्रामीण भागातल्या ८.९ टक्के प्रौढांना मधुमेह आढळला. त्यातल्या साठीपुढच्या बायकांबद्दल आपण फारसं बोलत नाही. आपली शक्ती बाळंतपण, मारहाण, जमिनीतला वाटा यांत जाते, आणि म्हातारी ‘माझं काय आता राहिलंय’ म्हणत स्वतःच रांगेतून बाजूला होते.

दवाखान्यात तिला सांगतात, भात कमी करा, डाळ-उसळ, पालेभाजी खा. सल्ला बरोबरच आहे. पण आपल्या ताटात काय पडावं हे तीच ठरवते, असं त्यात गृहीत धरलेलं असतं. घरात डाळ मुळात पातळ. ती आधी पुरुषांना, मग मुलांना. हिच्या वाट्याला उरलेला भात, नाहीतर चहात बुडवलेली चपाती. ज्वारी-बाजरीवर वाढलेल्या घरांत रेशनचे गहू-तांदूळ आले, त्यालाही आता कितीतरी वर्षं झाली.

वेगळं पथ्याचं करायचं म्हटलं की ते सुनेच्या डोक्यावर. ती शेतातून दमून आलेली. एका बाईचं पथ्य म्हणजे दुसऱ्या बाईचं जादा काम, आणि गावात बोभाटा होतो तो सासू-सुनेच्या भांडणाचा. मुलगा या गोष्टीत कुठेच नसतो! वास्तविक मधुमेहाला वेगळा स्वयंपाक लागतच नाही. भात थोडा, डाळ-भाजी जास्त, चहा कमी गोड, हे सगळ्या घरानं खाल्लं तर कुणाचंच बिघडत नाही. पण मग डाळ जास्त शिजवावी लागते, आणि डाळीचे पैसे कुणाच्या खिशात आहेत हा प्रश्न येतो.

उपासाचंही तसंच. ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेऊन पोट रिकामं ठेवलं तर साखर एकदम उतरते, घाम सुटतो, हातपाय थरथरतात. फराळाला साबुदाणा खाल्ला तर चढते. ‘उपास सोडा’ म्हटलं की बायका उठून जातात. ‘उपासाच्या दिवशी कोणती गोळी घ्यायची ते डॉक्टरांना आधीच विचारा’ म्हटलं की ऐकतात, असा माझा अनुभव आहे.

काही गोष्टी तर तिला कुणी विचारतच नाही. साखर वाढली की योनीमार्गात बुरशीचा संसर्ग होऊ शकतो, खाज सुटते. पासष्ट वर्षांची विधवा हे कुणापाशी बोलणार? लघवीला वारंवार होते. रात्री अंधारात बाहेर जायला नको म्हणून ती संध्याकाळपासून पाणीच पीत नाही. पाय बधिर झालेले. अनवाणी रानात जाते, काटा रुततो, जोडव्याखाली जखम होते आणि ती चिघळून वास यायला लागल्यावर कळतं. कितीदा त्यात बोट जातं, कधी पाय जातो.

सरकारी कार्यक्रम २०१० पासून आहे. आशाताई तिशीपुढच्या प्रत्येकाचा फॉर्म भरते. शिबिरात बोटाला सुई टोचतात, आकडा लिहितात. पुढे? प्राथमिक आरोग्य केंद्रात गोळ्या मोफत मिळायला हव्यात. मी काम करते त्या भागात अनेकदा ‘बाहेरून घ्या’ असं उत्तर मिळतं. एसटीचं तिकीट बायकांना मार्च २०२३ पासून अर्धं झालं, पण वाडीवर एसटी येतच नाही. श्रावणबाळ योजनेचे पैसे हिच्या नावावर जमा होतात, पासबुक मुलाकडे असतं.

म्हणून माझं म्हणणं असं, की हे काम शिबिरांवर सोडू नये. बचत गटाच्या दरमहाच्या बैठकीत म्हाताऱ्या बायकांचे तळपाय बघायला दहा मिनिटं पुरतात, त्याला डॉक्टर लागत नाही. गावच्या आरोग्य समितीत आपल्या बायका आहेत. महिन्याच्या गोळ्या उपकेंद्रातच मिळाव्यात, हा ठराव त्यांनी मांडावा आणि साठा संपला तर लेखी विचारावं. आणि पथ्याबद्दल बोलायचं असेल त्या दिवशी सुनेला नव्हे, मुलाला बोलवावं.