न्हाणीघराची फरशी पायाने निवडावी

घराची दुरुस्ती निघाली की न्हाणीघराची फरशी दुकानातल्या दिव्यांच्या झगमगाटात निवडली जाते. तिथे ती उभी लावलेली आणि कोरडी असते, आणि बघणाऱ्याच्या पायात चप्पल असते. निर्णय होतो तो रंग आणि चकाकी पाहून. हीच फरशी उद्या ओली, साबणाने बुळबुळीत झालेली असेल आणि तिच्यावर सत्तरीतल्या आईचे अनवाणी पाऊल पडेल, हे त्या वेळी कुणाच्या डोक्यात नसते.

अस्थिरोग विभागात खुब्याजवळचे हाड मोडून आलेल्या वृद्धांना कसे पडलात असे विचारले, की ‘बाथरूममध्ये पाय सरकला’ हे उत्तर नेहमीचे असते. त्याच घसरणीतून तिशीतला माणूस कोपर चोळत उठतो. ठिसूळ झालेले हाड मात्र मोडते. शस्त्रक्रिया शक्यतो दोन दिवसांच्या आत व्हावी लागते. माणूस अंथरुणाला खिळला, की न्यूमोनिया, शय्याव्रण आणि पायाच्या नसांत रक्ताच्या गुठळ्या यांचा धोका वाढत जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार पडल्यामुळे जगात वर्षाला सुमारे ६ लाख ८४ हजार माणसे दगावतात. अनवधानाने होणाऱ्या इजांमध्ये रस्ते अपघातांखालोखाल हाच क्रमांक.

जुन्या मोरीतली शहाबादी फरशी दिसायला ओबडधोबड, पण पाय धरून ठेवणारी. तिलाही शेवाळ धरते, आणि दिवाळीत अभ्यंगाचे तेल सांडले की ती कुणाचीच नसते. घोटाई केलेला संगमरवर आणि चकचकीत व्हिट्रिफाइड टाइल ही बैठकीच्या खोलीची शोभा. पाण्याखाली दोन्ही सारख्याच दगाबाज. संगमरवराचे आणखी एक दुखणे म्हणजे अ‍ॅसिड. बोअरच्या जड पाण्याचे पांढरे डाग काढायला घरोघर अ‍ॅसिड ओतले जाते, आणि हा दगड अ‍ॅसिडात विरघळतो. (त्याच फरशीवर ब्लीचही ओतले तर क्लोरीन वायू तयार होतो आणि बंद न्हाणीघरात श्वास कोंडतो, हे जाता जाता.)

उरते ती मॅट किंवा खडबडीत पृष्ठभागाची सिरॅमिक टाइल, आणि तीही लहान आकाराची. मोठ्या टाइलला सांधे कमी, म्हणून साफसफाई सोपी असे दुकानदार सांगतो. ते खरे आहे. पण सांध्यांमुळेच पावलाला पकड मिळते आणि पाण्याला उतार देणेही सोपे जाते. आठवड्यातून एकदा ब्रश फिरवणे हा त्या मानाने स्वस्त सौदा आहे.

दुकानात ‘आर १०’, ‘आर ११’ असे शिक्के दाखवले जातात. ही जर्मन पद्धतीची मोजणी तेल लावलेल्या उतारावर बूट घालून चालवून केलेली असते, ती कारखान्यासाठी. अनवाणी पायाची चाचणी वेगळी. तीत साबणाच्या पाण्याने भिजवलेल्या उतारावर माणसाला चालवतात आणि ‘ए’, ‘बी’, ‘सी’ अशी श्रेणी देतात. ‘ए’ला १२ अंश, ‘बी’ला १८, ‘सी’ला २४. अंघोळीच्या जागेला किमान ‘बी’ मागावी. दुकानदाराला ती ठाऊक नसेल, तर एक नमुना घरी आणावा, साबणाचे पाणी ओतावे आणि भिंतीचा आधार घेऊन त्यावर एक पाय घासून पाहावा.

आता नव्या फ्लॅटमध्ये बाथटबची हौस आली आहे. अ‍ॅक्रिलिक हलके आणि स्पर्शाला उबदार, पण त्यावर ओरखडे लवकर पडतात. फायबरग्लास स्वस्त, त्याचा वरचा थर झिजला की मळ धरतो. पत्र्यावरचे इनॅमल टवका उडाला की गंजते. ओतीव लोखंडी टब पिढ्यान्‌पिढ्या टिकतो, पण रिकामाच शंभर किलोंच्या पुढे भरतो. ही सारी तुलना टबाच्या आयुष्याची झाली. तळ साबणाने ओला झाला की चौघेही निसरडे, आणि दीड-दोन फूट उंच कडेवरून एक पाय उचलून आत टाकताना तोल जायचा तो जातोच. घरात साठीच्या पुढचे कुणी असेल, तर टबाची जागा शॉवर, बादली आणि बसायच्या स्टुलाला द्यावी. तान्हे मूल असेल, तर भरलेला टब क्षणभरही सोडून जाऊ नये. वीतभर पाण्यातही मूल बुडते.

भाड्याच्या घरात फरशी बदलता येत नाही. तिथे लोक चोषकवाली रबरी चटई आणतात. ती गुळगुळीत फरशीलाच चिकटते, खडबडीत फरशीवर स्वतःच सरकते, आणि रोज उचलून वाळवली नाही तर खाली बुरशी पोसते. त्याहून उपयोगी पडते ती भिंतीत पक्की रोवलेली आधाराची दांडी. ती नसली की घसरणारा हात टॉवेलच्या दांडीला जातो, आणि ती दोन बारीक स्क्रूंवर लटकलेली असते.