नळ कारागीर : मराठवाड्याने उपेक्षिलेली विद्या

लातूरचे नाव महाराष्ट्रात दोन कारणांनी घेतले जाते. पहिले कारण 'लातूर पॅटर्न'. दहावी-बारावीच्या गुणवत्ता यादीत आणि पुढे वैद्यकीय-अभियांत्रिकीच्या प्रवेश परीक्षांत या पॅटर्नने जो दबदबा निर्माण केला, त्याची कीर्ती ऐकून आजही नांदेड-परभणीपासून पालक मुलांना घेऊन येतात. आता नांदेडही त्याच वाटेवर पुष्कळ पुढे गेले आहे. दुसरे कारण २०१६ चा उन्हाळा. मांजरा धरण कोरडे पडले आणि १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून दहा वाघिणींत सुमारे पाच लाख लिटर पाणी घेऊन पहिली गाडी लातूर स्थानकात आली. त्या गाडीची छायाचित्रे देशभर झळकली. परंतु मिरजेला त्या वाघिणी भरणे आणि लातूरला त्या रिकाम्या करून पाणी शहराच्या व्यवस्थेत घेणे हे सारे काम वाहिन्या, जोड, झडपा आणि पंप यांचे होते. ते करणारे हात कोणते आणि ते कोठे शिकले, हा प्रश्न तेव्हा फारसा कोणी विचारला नाही.

तो प्रश्न आज विचारला पाहिजे. ज्या प्रदेशात पाणी दुर्मीळ, तेथे पाणी वाहून नेण्याची विद्या सर्वांत प्रगत असावयास हवी. प्रत्यक्षात काय दिसते? आठ-आठ दिवसांनी नळाला पाणी येण्याची सवय झालेल्या शहरात घराघरांत जमिनीखाली हौद, त्यावर मोटार आणि गच्चीवर टाकी. म्हणजे इतरत्र लागते त्याच्या दुप्पट नळकाम. ते बहुतेक ठिकाणी अशा तरुणाच्या हाती असते, ज्याने एखाद्या मिस्त्रीच्या हाताखाली पाने-पकडी देता देता काम उचलले. त्याची बुद्धी कमी नसते, कित्येकदा हातही उत्तम असतो. पण भिंत बुजविण्यापूर्वी वाहिनीत दाब भरून ती तपासावी लागते, सांडपाण्याच्या नळाला ठरावीक उतार द्यावा लागतो, संडासाच्या भांड्याखालच्या वळणात पाणी साठून राहते म्हणूनच गटाराचा वायू घरात शिरत नाही, हे त्याला कोणी सांगितलेलेच नसते. सेकंदाला एक थेंब गळणारा नळ दिवसाकाठी पंधरा-वीस लिटर पाणी घालवतो. टँकरच्या पाण्यावर दिवस काढलेल्या कुटुंबाला या हिशेबाचे महत्त्व सांगावे लागत नाही.

विद्या मिळविण्याचे मार्ग नाहीत असे नाही. लातूर आणि नांदेड या दोन्ही शहरांत शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहेत. राज्याच्या व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालयाच्या प्रवेश यादीत 'नळ कारागीर' हा एक वर्षाचा व्यवसाय असतो. तो कोणत्या संस्थेत चालतो आणि शालेय पात्रता किती लागते हे त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत पाहून पसंतिक्रम द्यावा. अखिल भारतीय परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर मिळणारे राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र देशभर चालते. त्यानंतर १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली एखाद्या आस्थापनेत विद्यावेतन घेऊन काम शिकता येते. आमच्या मते खरे शिक्षण हेच. कार्यशाळेतील नळ कधी गळत नाही, माणसांच्या घरातला गळतो!

जे आधीच या धंद्यात आहेत त्यांचा प्रश्न वेगळा आहे. दहा वर्षे काम केलेल्या संसारी माणसाला पुन्हा वर्षभर वर्गात बसणे परवडत नाही. त्याच्यासाठी पूर्वानुभवाची चाचणी घेऊन प्रमाणपत्र देण्याची सोय २०१५ पासून प्रधानमंत्री कौशल विकास योजनेत आली. पुरेसा अनुभव असल्यास खासगी उमेदवार म्हणून आयटीआयच्या परीक्षेला बसण्याचीही तरतूद आहे. अटी जवळच्या शासकीय संस्थेत विचाराव्यात. मात्र काही दिवसांच्या वर्गानंतर छायाचित्र काढून हाती ठेवलेला कागद म्हणजे कौशल्य नव्हे, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. अशा कागदांनी खऱ्या कारागिराचीच किंमत उतरते.

कागद हवा कशासाठी? महापालिकांच्या नळजोडणीच्या अर्जावर सामान्यतः परवानाधारक कारागिराची सही लागते. परवाना नसलेला मनुष्य खोदकामापासून तोटी बसविण्यापर्यंत सारे करतो आणि सही दुसऱ्याची होते. तीच कथा मोठ्या बांधकामांची आणि आखाती देशांतील नोकऱ्यांची. ओडिशातील केंद्रापाडा जिल्ह्याच्या पट्टामुंडई भागातून निघालेले नळ कारागीर आज देशातील महानगरांत आणि आखातातही नाव राखून आहेत. तेथे नळकामाची स्वतंत्र शासकीय संस्थाही आहे. एखाद्या मुलखाची ओळख अशा विद्येवर उभी राहू शकते, हे त्यांनी दाखवून दिले. मग आमच्या पॅटर्नमध्ये या विद्येला जागा का नसावी?

अडचण पैशाची कमी आणि मनाची अधिक आहे. प्रवेश परीक्षेसाठी दोन-तीन वर्षे लाखो रुपये ओतणारे कुटुंब, त्यात यश न आल्यास, मुलाने कार्यालयात किरकोळ पगारावर खुर्ची धरलेली पसंत करील, पण त्याच्या हाती पाना पाहणार नाही. सांडपाण्याला हात लावणारा तो हलका, ही जुनी समजूत त्यामागे आहे. समरसतेच्या बैठकीत आपण जे बोलतो त्याची परीक्षा व्याख्यानात होत नाही, नळ दुरुस्तीला आलेल्या माणसाला पाणी कोणत्या पेल्यातून दिले जाते तेथे होते.

शासनाकडूनही एक अपेक्षा आहे. १७ सप्टेंबर २०२३ रोजी, विश्वकर्मा जयंतीला, पीएम विश्वकर्मा योजना सुरू झाली. आमच्याकडे तोच दिवस मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाचा. योजनेच्या १८ व्यवसायांत सुतार आहे, गवंडी आहे, कुलपे करणाराही आहे. नळ कारागीर नाही. पारंपरिक व्यवसायांची ती यादी आहे हे मान्य. परंतु २०१९ पासून जलजीवन अभियानातून खेडोपाडी नळ पोहोचविण्याचे काम हाती घेतल्यावर त्या नळांची निगा राखणारा मनुष्य गावातच तयार व्हावयास हवा. अवजारांची पेटी आणि सवलतीचे कर्ज त्यालाही मिळावे, ही मागणी लोकप्रतिनिधींकडे लावून धरण्यासारखी आहे.

दहावीच्या निकालानंतर आयटीआयचे अर्ज सुरू होतात आणि मुदत थोडीच असते. आपल्या वस्तीत गणितात अडलेला, पण घरातील मोटार स्वतः उघडून जोडणारा एखादा मुलगा असतोच. कार्यकर्त्यांनी त्या आठवड्यात त्याच्या घरी जावे, आई-वडिलांशी बोलावे आणि दाखले गोळा करून अर्ज भरून होईपर्यंत त्याच्याजवळ बसावे.