सलाईन नको, आधी थायरॉइडची तपासणी

अशक्तपणा वाटतो म्हणून सलाईन लावून घेणाऱ्या बायका आपल्या वस्तीत कमी नाहीत. सकाळी चार घरची धुणीभांडी, दुपारी स्वतःचे घर, संध्याकाळी नळावरची रांग. एवढे करून बाई थकली, तर तिला किंवा घरच्यांना त्यात वेगळे काही वाटत नाही. नाक्यावरचा डॉक्टर एक इंजेक्शन देतो, टॉनिकची बाटली लिहून देतो, फारच झाले तर सलाईन लावतो. दोन दिवस बरे वाटते आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा अंग गळते. आमचे म्हणणे सरळ आहे. महिनोनमहिने टिकणाऱ्या थकव्यावर सलाईन हा उपाय नाही. कारण शोधले पाहिजे, आणि शोधताना थायरॉइडचा विचार अगदी सुरुवातीलाच झाला पाहिजे.

गळ्याच्या पुढच्या बाजूला, तळाशी, फुलपाखराच्या आकाराची छोटी ग्रंथी असते. ती थायरॉइड. शरीराचा वेग ती ठरवते: हृदय किती जोराने चालावे, अन्न किती लवकर पचावे, अंगात ऊब किती राहावी. मेंदूच्या तळाशी दुसरी एक ग्रंथी आहे. ती टीएसएच नावाचा हार्मोन सोडून थायरॉइडला कामाला लावते. कामगार ढिला पडला की मुकादमाचा आवाज चढतो, तसेच हे आहे. थायरॉइड कमी काम करू लागली की रक्तातला टीएसएच वाढतो. म्हणून रिपोर्टात टीएसएच जास्त दिसला, तर थायरॉइड मंदावली असा अर्थ होतो. पुष्कळ जण हे उलटे समजतात आणि ‘थायरॉइड वाढला’ म्हणतात.

थायरॉइड मंदावते कशाने? आपल्या मोठ्या माणसांना गलगंड आठवतो आणि मिठातल्या आयोडीनची कमतरता आठवते. ते त्या काळी खरे होते. १९६२ साली केंद्र सरकारने गलगंड नियंत्रणाचा कार्यक्रम सुरू केला, आणि २००६ पासून खाण्यासाठी बिनआयोडीनचे मीठ विकायला देशभर बंदी आहे. ज्या घरात आयोडीनयुक्त मीठ रोज खाल्ले जाते, तिथे आजार झाला तर त्याचे कारण बहुतेक वेळा वेगळे असते. शरीराची संरक्षणयंत्रणा, जी जंतूंशी लढायची, ती आपल्याच ग्रंथीवर उलटते. राखणदारानेच घरच्या माणसावर काठी उगारावी, तसे. हाकारू हाशिमोटो या जपानी डॉक्टरांनी १९१२ साली या आजाराचे वर्णन केले, म्हणून त्याला हाशिमोटोचा आजार म्हणतात. तो पुरुषांपेक्षा बायकांना कितीतरी पटींनी जास्त होतो आणि एकाच घरात आई, मावशी, बहीण असा दिसतो. मीठ वाढवून तो बरा होत नाही, रक्तदाब मात्र वाढतो.

हा काही दुर्मीळ आजार नाही. मुंबईसह देशातल्या आठ शहरांत झालेल्या पाहणीचे निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झाले. त्यात तपासलेल्या प्रौढांपैकी जवळपास ११ टक्के लोकांची थायरॉइड मंदावलेली आढळली. त्यातल्या साधारण एक-तृतीयांश लोकांना आपल्याला असे काही आहे याचा पत्ताच नव्हता.

पत्ता का लागत नाही? कारण यातले प्रत्येक लक्षण दुसऱ्या कशावर तरी ढकलता येते. वजन वाढले, तर ‘बसून खाते’. झोप येते, तर ‘आळशी आहे’. केस गळतात, तर ‘पाणी बदलले’. बद्धकोष्ठ, कोरडी कातडी, सगळ्यांना उकडत असताना हिला थंडी वाजणे, सकाळी चेहरा सुजणे, आवाज घोगरा होणे, विसरभोळेपणा, सारखे रडू येणे: ही लक्षणे एकेक करून आली तर कोणी त्यांची जोड लावत नाही. पाळीत रक्त जास्त जाते, त्यातून पंडुरोग होतो. मग लोहाच्या गोळ्या चालू होतात, पण हिमोग्लोबिन वर येत नाही, कारण रक्तस्राव थांबलेलाच नसतो. दिवस राहत नाहीत किंवा पोट पडते, तेव्हा तर सगळा दोष सुनेच्या माथी येतो. ‘कामचुकार’ आणि ‘वांझ’ हे शब्द उच्चारण्याआधी घरातल्यांनी तिची एक रक्ततपासणी करून आणावी, एवढीच आमची मागणी आहे.

तपासणी कोणती, हेही नीट समजून घेऊ. पहिली टीएसएच. तो बिघडलेला निघाला तर सोबत फ्री टी-४. या दोन आकड्यांवर बहुतेक निर्णय होतो. टीएसएच वाढलेला असेल, तर कारण कळावे म्हणून अँटी-टीपीओ नावाची तपासणी एकदा करतात. ती पॉझिटिव्ह आली म्हणजे संरक्षणयंत्रणा ग्रंथीवर उलटली आहे, असे समजावे. ही तपासणी दर सहा महिन्यांनी करण्याचे कारण नाही, कारण तो आकडा पाहून गोळी ठरत नाही. सोनोग्राफीही सरसकट लागत नाही. गळ्याला गाठ किंवा सूज लागत असेल तर ती करावी. गाठ झपाट्याने वाढत असेल, गिळताना किंवा श्वास घेताना अडत असेल, तर एक दिवसही थांबू नये. स्वस्तात शंभर तपासण्यांचे पॅकेज विकणारे वस्तीत येतात. त्यांच्यापेक्षा डॉक्टरांनी विचार करून लिहिलेल्या दोन तपासण्या आपल्या जास्त उपयोगाच्या.

टीएसएच थोडासाच वाढलेला, म्हणजे दहाच्या आत असेल आणि टी-४ ठीक असेल, तर लगेच गोळी लागतेच असे नाही. आजारपणानंतर हा आकडा तात्पुरता हलतो. अशा वेळी दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तपासतात. दहाच्या वर गेला, किंवा बाई गरोदर असेल, तर गोष्ट वेगळी. अँटी-टीपीओ पॉझिटिव्ह पण टीएसएच सामान्य असेल, तर गोळी न घेता वर्षातून एकदा टीएसएच पाहत राहावे. आणि सगळेच रिपोर्ट सामान्य आले, तर ‘तुला काहीच झालेले नाही’ असे म्हणून बाईला घरी पाठवणे आम्हाला मान्य नाही. तिचा थकवा खराच असतो. मग हिमोग्लोबिन, साखर, बी-१२, क्षयरोग, मनाची उदासी यांचा शोध घेतला पाहिजे. थायरॉइड हे एक कारण आहे, एकमेव नाही.

कधी उलटही होते. संरक्षणयंत्रणेच्याच गोंधळाने थायरॉइड जादा काम करू लागते. भरपूर खाऊनही वजन उतरते, छाती धडधडते, हात थरथरतात, घाम फुटतो. तेव्हा टीएसएच अगदी खाली गेलेला असतो आणि औषध पूर्ण वेगळे लागते. म्हणून शेजारणीची थायरॉइडची गोळी आपण खाऊन बघणे हा जीवाशी खेळ आहे. वजन उतरवण्यासाठी ही गोळी घेणेही तितकेच घातक. गरज नसताना घेतली तर हृदयाचे ठोके बिघडतात, हाडे झिजतात.

मंदावलेल्या थायरॉइडचा उपचार साधा आहे. जो हार्मोन शरीर बनवत नाही, तोच गोळीतून देतात. त्या औषधाचे नाव लेव्होथायरॉक्सिन. ते देशाच्या आवश्यक औषधांच्या यादीत आहे आणि स्वस्त आहे. पण गोळी घेण्याची रीत चुकली तर तिचा गुण येत नाही. सकाळी उपाशीपोटी नुसत्या पाण्याबरोबर घ्यावी, त्यानंतर अर्धा ते एक तास चहासुद्धा नको. लोहाची किंवा कॅल्शियमची गोळी चालू असेल, तर दोन्हींमध्ये चार तासांचे अंतर ठेवावे. आपल्या बायकांच्या बाबतीत ही गोष्ट फार महत्त्वाची, कारण दवाखान्यातून या तिन्ही गोळ्या एकदमच हातात पडतात आणि तिन्ही एकदमच गिळल्या जातात. बाटलीवरचा आकडा दर वेळी वाचावा: २५, ५०, ७५, १००. दुकानदाराने २५ ऐवजी १०० दिली तर डोस चौपट होतो. कंपनी शक्यतो बदलू नये. वयस्कर किंवा हृदयरोगी माणसाला कमी डोसपासून सुरुवात करतात, तेव्हा स्वतः घाई करू नये. डोस सुरू केल्यावर किंवा बदलल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच पुन्हा तपासावा. तपासणीच्या दिवशी आधी रक्त द्यावे, मग गोळी घ्यावी. आकडा जागेवर आला की वर्षातून एक-दोनदा तपासणी पुरते.

‘जन्मभर गोळी’ या शब्दाला लोक घाबरतात. जन्मभर चष्मा लावतो, तेव्हा आपण घाबरत नाही. गोळीने टीएसएच जागेवर आला म्हणून पुष्कळ जणी गोळी बंद करतात. पण आकडा गोळीमुळेच जागेवर असतो. ‘थायरॉइड मुळापासून बरा’ अशी जाहिरात करणारी पावडर घेऊन गोळी सोडणे म्हणजे पैसे देऊन आजार वाढवणे. कोबी-फ्लॉवर शिजवून नेहमीसारखी खाल्ली तर चालते, त्यासाठी ताटातून भाजी काढायला नको. गोळी अनेक वर्षे बंद राहिली आणि माणूस गार पडला, सुस्तावला, बरळू लागला, तर तात्काळ मोठ्या रुग्णालयात न्यावे.

एका गोष्टीबद्दल आम्हाला विशेष बोलायचे आहे. मुलीला थायरॉइड आहे हे लग्न ठरवताना लपवले जाते. मग नवी नवरी गोळीची बाटली पेटीच्या तळाशी ठेवते, कोणी पाहील म्हणून सकाळची गोळी चुकवते, आणि त्याच काळात तिला दिवस राहतात. गरोदरपणाच्या पहिल्या महिन्यांत बाळाच्या मेंदूची वाढ आईच्या थायरॉइड हार्मोनवर अवलंबून असते. त्या वेळी गोळी थांबवायची तर नसतेच, उलट बहुतेकींना डोस वाढवावा लागतो. पाळी चुकल्याचे कळताच डॉक्टरांना सांगून टीएसएच तपासला पाहिजे. एका स्वस्त गोळीने आटोक्यात राहणारा आजार लपवण्यासाठी आपण लेकीचे आणि नातवंडाचे आरोग्य पणाला लावतो. मुलाकडच्यांनीही समजून घ्यावे: गोळी नियमित घेणाऱ्या मुलीचे घर, काम, बाळंतपण सगळे इतरांसारखेच होते.

आता प्रश्न पैशाचा. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांपासून जिल्हा रुग्णालयांपर्यंत तपासणी आणि उपचार १५ ऑगस्ट २०२३ पासून निःशुल्क आहेत. महापालिकांचे दवाखाने वेगळे, तिथले नियम तिथे विचारावेत. बाहेर घ्यायची वेळ आली तर जनऔषधी केंद्रात हे औषध मागावे. पण कागदावर निःशुल्क आणि हातात गोळी यांत अंतर राहते, हे आपण सगळे जाणतो. ‘मशीन बंद आहे’, ‘गोळी संपली, पुढच्या महिन्यात या’ ही उत्तरे ऐकून बाई एक दिवसाची मजुरी बुडवून परत येते. रोज घ्यायच्या गोळीत महिन्याचा खंड म्हणजे उपचार थांबणेच. म्हणून एकटीने गप्प परत येऊ नये. वस्तीतल्या महिला मंडळाने दवाखान्याला लेखी अर्ज द्यावा: टीएसएच तपासणी कोणत्या वारी होते, लेव्होथायरॉक्सिनचा साठा किती आहे, नसेल तर कधी येणार. अर्जाची पोच घ्यावी. आशाताईंना सोबत न्यावे. दहा बायकांच्या सह्या असलेला कागद दवाखान्याला सहज बाजूला टाकता येत नाही.

डॉक्टरांसमोर बोलायला संकोच वाटतो, म्हणून जाण्याआधी कागदावर लिहून न्यावे: थकवा किती महिन्यांपासून आहे, पाळी कशी आहे, वजन किती वाढले, माहेरी कोणाला थायरॉइड आहे का, सध्या कोणत्या गोळ्या चालू आहेत. लिहिता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या लेकीकडून लिहून घ्यावे. शेवटी एकच वाक्य विचारावे, ‘डॉक्टर, माझी टीएसएच करायला हवी का?’ रिपोर्ट आणि केसपेपर रेशनकार्डाइतकाच जपून एका पिशवीत ठेवावा, कारण मागचा आकडा पाहिल्याशिवाय पुढचा डोस नीट ठरत नाही.