बाकीचे अकरा काय करत होते?

केडगावला अमेरिका परकी नाही. इथे मुक्ती मिशन उभारणाऱ्या पंडिता रमाबाईंनी १८८९ सालीच अमेरिकेवर मराठीत ग्रंथ लिहिला. त्याच देशातल्या एका बंद पडलेल्या संघाची हकिकत आम्ही आज केडगावच्या खेळाडू पोरांसमोर ठेवत आहोत.

१९५१ साली सॅन फ्रान्सिस्को विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघाने नऊच्या नऊ सामने जिंकले. हंगामाअखेरच्या मानाच्या ‘बाउल’ सामन्यावर त्यांचा हक्क होता. त्यातून येणाऱ्या पैशाची तोट्यातल्या संघाला गरजही होती. पण ऑली मॅटसन आणि बर्ल टोलर या दोन कृष्णवर्णीय खेळाडूंना मागे ठेवून या, असे सुचवले गेले. गोऱ्या सोबत्यांनी साफ नकार दिला. बोलावणे हुकले. हंगाम संपल्यावर विद्यापीठाने तोट्यामुळे संघच बंद केला.

आता आपल्याकडे पाहा. चर्मकार समाजातले पालवणकर बाळू पुण्यात घडलेले गोलंदाज. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी ११४ बळी घेतले. हिंदू संघाला त्यांचा चेंडू चालायचा. चहा मात्र बाहेर, मातीच्या पेल्यात! १९२० साली त्यांना कर्णधारपद नाकारले, तेव्हा निषेध म्हणून संघाबाहेर पडले ते त्यांचे सख्खे भाऊ, विठ्ठल आणि शिवराम. बाकीचा संघ मैदानात उतरला.

आमचा सवाल एवढाच आहे : ज्याच्यावर अन्याय झाला त्यानेच, त्याच्या भावांनीच दरवेळी बाहेर का पडायचे? संघनिवडीत जात आडवी आली, तर पहिला ‘नाही’ सवर्ण सोबत्याच्या तोंडून यावा. मग कप गेला तरी बेहत्तर.